खांद्याचं माप

सुरतेत खोली भाड्यानं घ्यायला गेलं की घरमालक काय काय विचारतो, हे इथं राहिलेल्या माणसाला सांगायला नको. गाव कुठलं, आडनाव काय, आडनावावरून उमगलं नाही तर "म्हणजे तुम्ही कोण?", मग मटण-मासळी शिजवता का, पाहुणे फार येतात का. वडील आणि मी बमरोलीतल्या त्या चाळीत खोली बघायला गेलो तेव्हा या सगळ्याची उत्तरं मी तोंडपाठ करून गेले होते. घरमालकांनी त्यातलं एकही विचारलं नाही. ते ओट्यावर बसले होते, पुढ्यात चिंध्यांचं गाठोडं सोडलेलं होतं, आणि ते वडिलांकडे न बघता माझ्याकडे बघत होते. तोंडाकडे नाही, खांद्याकडे. बऱ्याच वेळानं त्यांनी वडिलांना विचारलं, "खांदा कोना?"

आम्ही धुळ्याकडचे, त्यामुळे अहिराणी कळायला अडचण नव्हती. खांदा कुणाचा, एवढाच त्याचा अर्थ. पण हा काय प्रश्न झाला? वडिलांनी गोंधळून माझ्याकडे बोट दाखवलं, कारण घरात दुसरं कुणी नव्हतंच. आई गेलेली, मी बिनलग्नाची, महापालिकेच्या मराठी शाळेत शिक्षिका. मालकांनी मान हलवली आणि किल्ली माझ्या हातात दिली.

सामान लावून झाल्यावर वडील चहा पिताना म्हणाले, "त्यानं तुझं माप घेतलं." वडील शिंपी. जन्मभर मापं घेतलेली, सुरतेतही ब्लाउज शिवायच्या एका युनिटात कटिंग करायचे. मी म्हटलं, काहीतरीच काय, म्हातारा माणूस आहे. ते म्हणाले, तसलं नाही गं. टेप न लावता माप घेणारा माणूस मी ओळखतो.

मालकांना सगळे आबा म्हणायचे. जातीनं कुंभार. जन्म पांडेसऱ्याच्या एका डाइंग मिलमध्ये बॉयलर पेटवण्यात गेला. बमरोलीत ऊस होता तेव्हा त्यांनी हा तुकडा घेतला आणि हळूहळू त्यावर खोल्या चढवल्या. मागच्या अंगणात चाक होतं. दिवाळीला गावी गेलेले लोक येताना बाजरी आणतात, शेंगा आणतात. आबा सिमेंटच्या पोत्यात माती भरून आणायचे आणि पॅसेंजरमध्ये तिच्यासाठी खिडकीजवळची जागा धरायचे. मडकी भाजायचा आवा पेटवायला लाकूड कुठलं मिळणार, म्हणून ते चिंध्या जाळत. त्याही सुती. पॉलिस्टर जळत नाही, वितळतं, आणि मडक्याला चिकटून बसतं. सुरतेत सुती चिंधी शोधायची म्हणजे समुद्रात गोडं पाणी शोधायचं. ते दिवसभर गाठोडी उपसत बसायचे, बोटांनी चोळून चोळून कापड निवडायचे. तरी एखादा जरीचा धागा नजरेतून सुटायचा, आणि त्या मडक्यावर भाजल्यावर एक चमचमता डाग उमटायचा.

ही मडकी ते विकत नसत. ओट्याच्या वर एक माळा होता, त्यावर ती ओळीनं पालथी घातलेली असायची. भाडं द्यायला गेलं की मान वर करून बघायला लागायचंच. मला वाटलं छंद असेल. शेजारच्या खोलीत जालन्याकडची एक मावशी राहायची, तिचा नवरा लूमवर होता. तिला विचारलं तर ती भाकरी थापता थापता म्हणाली, "बाई, ते आपलेच हायेत."

"आपले म्हणजे?"

"आपल्या आपल्या मरणाचे."

आणि तिनं पुढची भाकरी तव्यावर टाकली.

माझं डोकंच फिरलं. मी तशी चिडकीच आहे, शाळेतली पोरं सांगतील. तडक खाली गेले आणि आबांना म्हटलं, हा काय प्रकार आहे? जिवंत माणसांची मडकी करून ठेवता? ते अजिबात ओशाळले नाहीत. त्यांनी मला समजावलं, ते असं. माणूस गावापासून लांब मरतो. प्रेत घरात, आणि बाप्ये मडक्यासाठी बाजारभर फिरतात. बाजारात मिळतं ते नळ बसवलेलं. प्रेताभोवती पाण्याचं मडकं खांद्यावर घेऊन फिरायचं, दगडानं भोक पाडायचं, धार सोडायची, आणि ह्यांच्या मडक्याला भोक दुकानदारानं आधीच पाडलेलं. हे सांगताना त्यांना हसू आलं. मग गंभीर होऊन म्हणाले, मडकं मेलेल्याच्या मापाचं नसतं, उचलणाऱ्याच्या मापाचं असतं. ओलं असताना एका अंगाला तळहातानं किंचित दाबायचं, बघणाऱ्याला दिसू नये इतकंच, म्हणजे ते खांद्यावर बसतं आणि रडणाऱ्या माणसाला ते धरून ठेवावं लागत नाही. म्हणून विचारायचं, खांदा कुणाचा.

त्यात वाईट असं काहीच नव्हतं. उलट आमच्यासाठी एवढा विचार सुरतेत दुसऱ्या कुणी केला नव्हता. पण त्या दिवसापासून मी जिन्यावरून उतरताना खांदा पदरानं झाकू लागले.

त्या माळ्याबद्दल चाळीत आणखी एक गोष्ट बोलली जायची, तीही हळू आवाजात. मडकी पालथी असत. पण कधीतरी सकाळी त्यातलं एखादं सुलटं दिसायचं, तोंड वर करून. ज्याचं सुलटं झालं त्याच्या घरी काय व्हायचं, ते व्हायचंच. आबांना विचारलं तर म्हणत, मांजर फिरतं. चाळीत मांजर नव्हतं, कारण उंदीरच भलते माजले होते. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, हे मी मावशीला बजावून सांगितलं. तरी कामावर निघताना वर बघायची सवय मलाही लागली. बस गेली तरी चालेल, पण बघून निघायचं.

आमची चाळ म्हणजे पडलेल्या लोकांची चाळ होती. सुट्टीच्या दिवशी बाप्ये ओट्यावर जमले की कुणीतरी विषय काढायचाच. वडील सांगत, आपण मूळचे क्षत्रिय. संहार चालला होता तेव्हा देवीनं आपल्याला पदराआड घेतलं, हातातली तलवार काढून सुई दिली. म्हणून दसऱ्याला आमच्या देव्हाऱ्यात बोटभर लांबीची पितळी तलवार पुजली जायची, आणि ज्याच्यावर आमचं पोट होतं ते मशीन कोपऱ्यात कापड पांघरून बसायचं. वर्ध्याचा सुतार सांगायचा, आम्ही विश्वकर्म्याचे, म्हणजे ब्राह्मणच, जानवं मधल्या काळात सुटलं. मावशीचा नवरा तेली, त्याच्याकडेही एक राजा होता. आबा चिंध्या चोळत ऐकत असायचे. एकदा त्यांनी मान न उचलता विचारलं, "समदा वरथून पडनात. मंग खाले कोन ऱ्हात व्हतं?"

सगळे वरूनच पडले, तर खाली होतं तरी कोण? मागच्या खात्यातल्या लूमचा खडखडाट तेवढा चालू राहिला. इथं कारखान्याला खातं म्हणतात आणि ते कधी थांबत नाही, त्यामुळे आमच्याकडे शांतता अशी नसतेच.

खुद्द आबांची जागा कुठली, हा वेगळाच घोळ होता. त्यांच्या भागात काही जातींच्या घरी दहाव्याला भटजी नसतो, कुंभार पुढे बसतो. त्याला पाट देतात, पाया पडतात. तो मांडीवर डाक घेतो, म्हणजे डमरूसारखं पण मोठं वाद्य, आणि वाकड्या काडीनं ते घुमवत मेलेल्याला बोलावतो. मेलेला घरच्या कुणाच्या तरी अंगात येतो, राहिलेलं बोलतो आणि जातो. आबा हे सुरतेत करत. मेल्या घरचे लोक त्यांच्या पायावर डोकं ठेवत. आणि तेच लोक एरवी सकाळी कामाला निघताना ते समोर दिसले की चप्पल अडकल्याचं निमित्त करून थांबत. त्यांना चहा मिळायचा तो कागदी कपात. कागदी कपानं सुरतेत बऱ्याच लोकांची मोठी सोय केली आहे, कुणाला काही बोलावं लागत नाही. आबा तो कप रिकामा करून ओट्याच्या कडेला पालथा घालत, माळ्यावरच्या मडक्यासारखा, आणि ज्यानं चहा दिला त्याच्याकडे बघून हसत. पुन्हा कागदी कप द्यायची त्या माणसाची छाती होत नसे.

चौकातल्या देवळातले महाराज म्हणायचे, कुंभाराला पाटावर बसायचा अधिकार कुठून आला? आबांनी ते फार मनाला लावून घेतलं. एक दिवस मला म्हणाले, तू शिकलेली आहेस, आम्ही कुठले ते पुस्तकात बघ. मी बघितलं. एका ठिकाणी कुंभार ब्रह्मदेवापासून झालेला, दुसऱ्या ठिकाणी चौथ्या वर्णात, तिसऱ्या ठिकाणी कुणाकुणाच्या संकरातून जन्मलेला, आणि सरकारी दाखल्यावर ओबीसी. मी सगळं सांगितलं. ते नीट ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, दहा दिवस मी भट आणि अकराव्या दिवसापासून कुंभार, असं कुणी लिहिलंय का? मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, मग त्यांनी कुणाला तरी विचारूनच लिहिलेलं दिसतं, मरणाऱ्याला विचारलेलं नाही.

त्यांचा मुलगा कडोदऱ्याला राहायचा. साड्यांच्या पॅकिंगचा धंदा, गाडी, सगळं उत्तम. त्याला आम्ही दादा म्हणायचो. इकडच्या कुंभारांसारखं त्यानं आडनाव बदलून प्रजापती लावलं होतं आणि समाजाच्या मंडळात तो पुढे होता. मंडळात दोन तट होते. एक म्हणायचा, आपण क्रिया सांगतो म्हणजे आपण पुरोहितच, आपल्याला ब्राह्मणांत मोजा. दुसरा म्हणायचा, मेलेल्यांची कामं करतो म्हणूनच आपल्याला खाली ढकललं, ती सोडा. दादा दुसऱ्या तटातला. महिन्यातून एकदा यायचा, बापाला नवं बंडीचं कापड द्यायचा आणि माळ्याकडे पाठ करून बसायचा. त्याचाही मला राग करता येत नाही. शाळेत त्याला पोरं मडकं म्हणून हाक मारत, हे त्यानंच मला एकदा सांगितलं होतं.

आबांना खरी काळजी होती ती एकच, आणि ती त्यांनी कुणापासून लपवली नाही. कुंभारानं स्वतःचं मडकं स्वतः करायचं नसतं. केलं तर जीव त्यातच अडकतो, घडवणारा कोण आणि गेलेला कोण हे त्याला कळत नाही. त्यांच्या बापाचं त्यांनी केलं होतं, आजोबांचं बापानं. दादानं चाकाला कधी हात लावला नव्हता. "मन्ही येळले कोन बठी?" असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायचे, माझ्या वेळेला कोण बसणार, आणि लोक घाईत असल्याचं दाखवायचे. जो सगळ्यांना बोलावून आणतो, त्याला बोलवायला कोण? ते शहरातल्या गुजराती कुंभारांकडेही जाऊन आले. त्यांनी पाणी दिलं, मान दिला, पणत्या दाखवल्या आणि दुसऱ्याच्या मरणाचं काम आम्ही करत नाही म्हणून हात जोडले.

मग वडील गेले.

त्या आठवड्यात एका सकाळी माळ्यावर आमचं मडकं सुलटं होतं. वडिलांनीच मला दाखवलं आणि हसले, म्हणाले, बघ, तहान लागलीय त्याला. दोन-चार दिवसांत झोपेतच गेले. गावाहून चुलतभाऊ पोचणार नव्हते. मी कोरडी ठक्क होऊन बसले होते, रडूही येईना. वडिलांना आयुष्यभर कशाचा अभिमान होता ते आठवलं आणि मी देव्हाऱ्यातली ती पितळी तलवार आणून त्यांच्या छातीवर ठेवली. आबा ते बघत होते. तापीकाठी मडकं उचलायची वेळ आली तेव्हा बाप्ये एकमेकांकडे बघू लागले. आबांनी ते सरळ माझ्या खांद्यावर ठेवलं. कुणीतरी कुरकुरलं, बाईमाणूस कसं? आबा म्हणाले, माप तिचंच आहे. आणि खरंच, ते असं बसलं की मी हात सोडला असता तरी पडलं नसतं. धार पाठीवरून चालली होती आणि मला मेलं पहिल्यांदा रडू आलं.

दहाव्याला दुपारी आबा खात्याच्या सेठकडे गेले. या लूमच्या आवाजात मेलेल्याला ऐकू कसं जाणार? तो सेठ कामगाराचा हात अडकला तरी मशीन थांबवताना विचार करणारा. त्यानं आबांना बघितलं, खुर्चीवरून उठला आणि म्हणाला, "अडधो कलाक, काका." अर्धा तास. खातं थांबलं. आम्ही वर्षानुवर्षं त्या आवाजात राहत होतो, तो गेल्यावर कान दुखायला लागले. भिंतीवरची पाल चालताना ऐकू येत होती. मी पाटासमोर बसले होते ते केवळ आबांचा मान राखायचा म्हणून. डाक घुमू लागली, आबा खालच्या सुरात काहीतरी म्हणत होते, आणि मी मनात म्हणत होते की ह्यातलं मला काही होणार नाही. फरशीवर फिनेलचा वास होता, एवढं मला आठवतं.

नंतरचं आठवतं ते मावशी मला पाणी पाजत होती. लूम पुन्हा चालू झाले होते. सगळे माझ्यापासून लांब सरकून बसलेले. मी बोलले होते म्हणे. माझ्या नाही, वडिलांच्या आवाजात, आणि अहिराणीत. मी घरात कधी अहिराणी बोलत नाही, मास्तरीण झाल्यापासून जीभच वळत नाही. एकच वाक्य पुन्हा पुन्हा: "मन्हं अंगुस्तान कोठे शे?" अंगुस्तान म्हणजे शिवताना बोटात घालायची पितळी टोपी. ती मशीनच्या खणात तशीच पडली होती.

आबा डाक कापडात गुंडाळत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुन्हा बापले तू तलवार दिन्ही. सुई देवाले पाहिजे व्हती." तलवार दिलीस, द्यायची होती ती सुई.

उपासानं आणि जागरणानं माणसाला काहीही होतं, हे मी तेव्हाही म्हटलं आणि आजही म्हणते. पण दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन अंगुस्तान तापीत सोडून आले. तिकडे वडील तलवार घेऊन काय करत असतील, शिवायला बसले असतील आणि बोटाला सुई टोचत असेल, हा विचार मला आत कुठंतरी सहन होत नव्हता.

त्यानंतर आबा माझ्याशी जरा जास्त बोलू लागले. एकदा म्हणाले, तुझंही केलंय. माळ्यावर शेवटी होतं ते, एका अंगाला जरीचा लखलखीत डाग असलेलं. मी चेष्टेनं विचारलं, आबा, खांदा कुणाचा? मला नवरा नाही, पोर नाही, भाऊ नाही. माप कुणाचं घेतलं? ते चाक पुसत होते. बराच वेळ पुसत राहिले आणि म्हणाले, "देखूत." बघू या.

दुसरं कुणी असं बोललं असतं तर मी विसरले असते. पण हा माणूस मापाशिवाय मडकं करत नाही हे मला माहीत होतं. मग कुणाचा खांदा त्यांना दिसला होता? शाळेतून परतताना मी रस्त्यावरच्या माणसांचे खांदे बघायला लागले. हा? की हा? माझ्या प्रेताभोवती फिरणारा माणूस या गर्दीत कुठंतरी चहा पीत असेल, या विचारानं अंगावर काटा यायचा. आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटायचं, कुणीतरी आहे म्हणून.

मग उन्हाळ्यात एका सकाळी माझं मडकं सुलटं झालेलं दिसलं.

माझा विश्वास नाही, हे मी वर लिहिलंच आहे. तरी जरीचा डाग शोधून ते माझंच आहे ना, हे मी पुन्हा पुन्हा बघितलं. मावशीनं बघितलं, तोंडाला पदर लावला आणि आत गेली. मी आबांना विचारलं, तुम्ही फिरवलं? त्यांनी माळ्याकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, माझा हात आता तिथवर पोचत नाही. ते खरंच होतं, त्यांना उभं राहायलाही भिंत लागायची. मी शाळेत जात होते, शिकवत होते. रस्ता ओलांडताना दोनदा बघायचे. वडिलांचं मशीन मावशीला द्यायचं ठरवलं, कपाट आवरलं, चुलतभावाला उगाच फोन करून त्याच्या पोरांची नावं विचारली. मरायची भीती वाटत होती ती मरणाची कमी आणि मला उचलायला कुणीच येणार नाही याची जास्त.

त्या रविवारी दुपारी आबा ओट्यावर बसल्या बसल्या गेले. हातात चिंधी होती. सुती.

दादा तासाभरात आला. रडला, मनापासून रडला. मग डोळे पुसून कामाला लागला. बापाला त्यानं मंडळाचा भगवा शेला पांघरला. मला म्हणाला, "बाई, ते मडकं, डाक, दहावं, काही करायचं नाही. समाजमां नक्की झालंय. बेसणं ठेवतो, फोटोला फुलं वाहू, बस." बेसणं म्हणजे गुजरात्यांची शोकसभा, पांढरे कपडे घालून लोक येतात, बसतात, जातात. वाईट काही नाही. पण मी त्या भगव्या शेल्याकडे बघितलं आणि मला वडिलांच्या छातीवरची तलवार दिसली. एका माणसाला मी त्याचं नसलेलं देऊन पाठवलं होतं. दुसऱ्यालाही तसंच जाऊ द्यायचं?

आबांचं मडकं नव्हतंच. माळ्यावर एकच सुलटं होतं, माझं. मी स्टूल घेऊन ते उतरवलं. भर उन्हाळ्यात, पत्र्याखाली, ते गार आणि दमट होतं. माझं मरण मी दुसऱ्याला देते आहे, याचा अर्थ काय होतो ते विचारायला आता आबाच नव्हते. पिशवीत घातलं आणि तापीवर गेले.

स्मशानातला माणूस सवयीनं म्हणाला, मडकं? दादानं नाही म्हणून मान हलवली. मी पिशवीतून मडकं काढलं, नदीवर भरून आणलं आणि दादापुढे धरलं. तो माझ्याकडे बघत राहिला. त्याचे हात एकदा पुढे आले, मंडळाचे लोक मागे उभे होते, हात मागे गेले. हळूच म्हणाला, "मी नाही उचलणार. तुम्हाला उचलायचं तर उचला."

मी ते खांद्यावर घेतलं.

ते बसलं. जरीच्या डागाच्या अंगाला खळगा होता, आणि तो खळगा माझ्या हाडाला असा टेकला की मी जागच्या जागी थिजले. हे माप मला माहीत होतं. वडिलांचं मडकं असंच बसलं होतं. आबांनी दुसरं कुणाचं माप घेतलंच नव्हतं, हे माझ्याच खांद्याचं होतं. आणि स्वतःचं मडकं स्वतःच्या खांद्यावर कुणी घेतं का? ते माझं नव्हतंच. स्वतःचं करायचं नाही म्हणून त्यांनी ते माझ्या नावानं केलं होतं, माझ्या नावानं माळ्यावर ठेवलं होतं, आणि मी विचारलं तेव्हा खोटं बोलायला नको म्हणून चाक पुसत राहिले होते. शिंप्याच्या पोरीच्या खांद्यावरून कुंभार चालला होता. मंडळाच्या दोन्ही तटांना हे बसवता आलं नसतं, आणि माझ्या पुस्तकांनाही. मी फिरले. धार पाठीवरून चालली होती. शेवटी मडकं मागे सोडलं तेव्हा दादा मागे वळून त्या तुकड्यांकडे बघत उभा होता.

दहाव्याला दादानं काही केलं नाही. डाक खुंटीला होती, तिला कुणी हात लावला नाही. पण दुपारी, कुणी सांगायला गेलेलं नसताना, सेठनं खातं बंद केलं. अर्धा तास. आम्ही सगळे ओट्यावर येऊन बसलो. कुणाच्या अंगात कुणी आलं नाही, कुणी काही मागितलं नाही. मला वाटतं त्यांचं काही राहिलं नसावं. मग लूम चालू झाले आणि जो तो उठला.

आता चाळ दादाची आहे, पण तो कडोदऱ्याहून सारखा येऊ शकत नाही, म्हणून किल्ल्या माझ्याकडे असतात. माळ्यावरची मडकी कमी होत चालली आहेत. माझ्या जागी धुळीत एक वाटोळा डाग आहे, आणि माझं मडकं आता या जगात कुणी केलेलं नाही. नवे भाडेकरू येतात, नवरा-बायको, म्हातारी आई, बाप-लेक. गाव सांगतात, आडनाव सांगतात, आम्ही मूळचे कोण होतो ते सांगतात. मी ऐकल्यासारखं करते. लक्ष त्यांच्या खांद्यांवर असतं.